मचव्यातून आलेला देव

दगड ओळखता न येणाऱ्या माणसाविषयी मला कधी आदर वाटला नाही. माणूस ओळखणं अवघड असतं, हे मी मान्य करतो. माणूस हलतो, बोलतो, सोयीप्रमाणे बदलतो. दगड टाकाल तिथे पडून असतो. त्याची सगळी कुळकथा त्याच्या अंगावर असते, आणि ती वाचायला एक चाकू, एक भिंग आणि घोटभर आंबट वस्तू एवढं पुरतं. तरी आमच्या महाड-पोलादपूरकडची माणसं जन्मभर दगडावर कपडे आपटून, दगडाच्या जात्यावर दळून आणि दगडाच्या देवाला नवस बोलून, दगडाच्या बाबतीत कोरी ती कोरीच राहतात.

मी लोकल बोर्डाचा ओव्हरसियर होतो. रस्त्याखालच्या मोऱ्या बांधायच्या, विहिरींचे कठडे दुरुस्त करायचे, पावसाने खाल्लेले रस्ते पुढच्या पावसाला खाण्याजोगे करून ठेवायचे, हे माझं काम. पुण्याला ओव्हरसियरच्या वर्गात आम्हाला एक तिरसट मास्तर होते. ते टेबलावर दगड आपटत आणि विचारत, "हा कोण?" 'हे काय' असं कधी नाही. उत्तर चुकलं की तोच दगड दिवसभर खिशात घालून हिंडायला लावत. त्यांच्या पायी माझे दोन कोट फाटले, पण दगड पक्के झाले. माझी तापट जीभही त्यांचाच प्रसाद आहे, असं बायको म्हणायची.

आमच्या मुलखात पाहायला गेलं तर दगड दोनच. एक काळा फत्तर. तो आगीतला. कधीकाळी जमीन फाटून रस वर आला, सगळीकडे पसरला आणि थिजला, त्याचे हे डोंगर. जड, घट्ट, चाकूला दाद न देणारा. दुसरा जांभा, तांबडा, भोकाभोकांचा, माथ्यावर सापडणारा. तिसऱ्या जातीचा दगड हिंदुस्थानात बाकीकडे पायलीचे पन्नास मिळतो, आमच्याकडे औषधालाही नाही. तो गाळाचा दगड. वाळू, चिखल, शिंपल्यांचा चुरा पाण्याच्या तळाशी बसत जातो, थरावर थर चढतात, वरच्याच्या वजनानं खालचा दाबला जातो, मधून चुन्याचं पाणी झिरपून कण कणाला चिकटतो, आणि फार काळानं त्याचा दगड होतो. मुंबईत फोर्टातल्या कित्येक कचेऱ्यांचा पिवळट पोरबंदरी दगड पाहिला असेल, तो असाच समुद्राकाठच्या शिंपल्यांच्या वाळूचा. पाहिला असेल म्हणतो खरा, पण ज्या वाडीची ही गोष्ट, ती निम्मी मुंबईत राहून त्याच भिंतींना पाठ टेकून विड्या ओढून आली होती, आणि एकानंही मान वळवून भिंत कशाची आहे ते बघितलं नव्हतं.

ही वाडी सावित्रीच्या काठाला, तुडीलच्या अलीकडे. तिथवर खाडीच असते. भरतीला पाणी चढतं, मालाचे मचवे महाडकडे जातात, ओहोटीला चिखलात बसतात. मला तिथे एका मोरीचं काम होतं आणि शाळेच्या पडवीत मुक्काम होता. शिमगा तोंडावर आला होता.

वाडीत एक विधवा बाई होती, पन्नाशीकडे झुकलेली. सगळे तिला काकी म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. नवरा मुंबईला गोदीत कामाला होता, तो तिकडेच वारला. मूलबाळ नाही. खाली खाडीच्या बाजूला भाताचं एक खाचर आणि वर काठाच्या उंचवट्यावर अंगणाएवढा राबाचा तुकडा, एवढी तिची जहागीर. राब म्हणजे पालापाचोळा, शेण, काटक्या अंथरून जमीन भाजायची आणि त्या राखेत भाताचं बी टाकून रोपं करायची. मग ती उपटून खाचरात लावायची. खालच्या जमिनीला खाऱ्या पाण्याचा वास असतो, तिथे बी धरत नाही. म्हणून वरचा तुकडा गेला की रोपं गेली, आणि रोपं गेली की खाचर पडीक. तिचं पोट त्या अंगणाएवढ्या जागेवर होतं.

त्या वर्षी राबासाठी जागा साफ करताना तिच्या कुदळीला खाली काही लागलं. उकरलं तर मोठ्या भोपळ्याएवढा दगड. पिवळट पांढरा, वरून गोल, खालून जमिनीत रुतलेला. कुदळीनं त्याची एक कपची उडाली होती. ती अर्धा उकरून घाम पुसत बसली आणि तेवढ्यात वाडीतला मुकादम तिथून गेला. हे गृहस्थ मुंबईला गिरणीत होते, शिमग्याला घरी आले होते. अंगात कोट, पायात बूट, आणि गावात पाऊल टाकल्यापासून तोंडात हिंदी.

"ठैरो, काकी! हात नाय लावायचा," तो ओरडला. "ही तर पिंडी हाय!"

"कसली पिंडी? धोंडा हाय," काकी म्हणाली.

"धोंडा? आपल्याकडला धोंडा काळा असतो का गोरा? हा गोरा कुठनं आला? सोच करा जरा. कोनी आनला नाय, म्हंजे आपला आपन आला."

इथे मला थांबून या तर्काला नमस्कार केला पाहिजे. आमच्याकडे सगळे दगड काळे, इथवर बरोबर. हा पांढरा आहे म्हणजे इथला नाही, हेही बरोबर. एवढी दोन बरोबर पावलं टाकून माणूस तिसऱ्या पावलाला थेट कैलासावर कसा पोचतो, हे मला अजून कळलेलं नाही. इथला नाही म्हणजे कुठून तरी आला, आणि कुठून तरी येणारा दगड पायांनी येत नाही, कुणाच्या तरी गाडीतून नाहीतर होडीतून येतो. पण हा विचार करायला डोकं वापरावं लागतं, आणि मुकादमानं ते फक्त टोपी ठेवायला राखलं होतं.

संध्याकाळपर्यंत वाडी जमली. दुसऱ्या दिवशी महाडाहून एक पेन्शनर आणले गेले. हे मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते आणि पेन्शन झाल्यापासून धर्माच्या मागे लागले होते. एक-दोन वर्षांपूर्वी चवदार तळ्याचं पाणी काही माणसांनी ओंजळीत घेतलं म्हणून तळं बाटलं असं ठरलं, आणि ते शुद्ध करायला घागरी ओतणाऱ्यांत हे पुढे होते. त्यांनी दगडाला तीन प्रदक्षिणा घातल्या, डोळे मिटले आणि सांगितलं, "स्वयंभू आहे. स्वयंभू स्थान हलवता येत नाही. जागेसकट देवाचं." मचव्याच्या तळाशी (ते कसं, ते पुढे येईलच), खलाशांच्या पायाखाली, मासळीच्या पाण्यात भिजत आलेल्या दगडाची जात विचारायची त्यांना गरज वाटली नाही. जात फक्त तहानलेल्या माणसालाच असते, असं दिसतं.

काकीच्या तुकड्याभोवती काट्यांचं कुंपण पडलं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तसा देव आला, आणि नागोबाबरोबर पंचही आले.

ती त्याच संध्याकाळी माझ्याकडे आली. पडवीच्या पायरीशी उभी राहून म्हणाली, "सायेब, तुमी दगडातला मानूस. ह्या काय हाय ता बगून सांगा. देव असला तर देव. पन नसला तर माझा राब जातोय."

तिच्या ओट्यावर गेलो. कुदळीनं उडालेली कपची तिनं उचलून ठेवली होती, देवाचा भाग म्हणून नव्हे, चुलीला टेकण लावायला बरी म्हणून. मी ती हातात घेतली. पहिलं म्हणजे वजन. काळ्या फत्तराची एवढी कपची याच्या दीडपट तरी भरली असती. मग चाकू ओढला. पांढरी रेघ उठली आणि पीठ खाली पडलं. काळ्या फत्तरावर चाकू ओढा, चाकूच झिजतो. मग पाण्याचा थेंब टाकला, तो आत गेला. मग भिंग लावलं. बारीक गोल कण एकमेकांना चिकटलेले, राजगिऱ्याची वडी असावी तसे, आणि मधेमधे शिंपल्यांचे तुकडे. कडेनं पाहिलं तर थर दिसत होते, सरळ नव्हेत, तिरपे, वाऱ्यानं वाळू एका अंगाला लोटली की पडतात तसे.

मी भिंग तिच्या हातात दिलं. तिनं एक डोळा मिटून पाहिलं. "शिंपल्या हायेत यात," ती म्हणाली.

"समुद्राकाठची वाळू आहे ही, चुन्यानं चिकटून दगड झालेली. काठेवाडकडे डोंगर आहेत असे. मुंबईला इमारतींना नेतात. तिथून रिकामा मचवा इकडे यायला निघाला, की उलटू नये म्हणून तळाशी असले फुटके दगड भरतात. नीरम म्हणतात त्याला. इकडे येऊन लाकडं, कोळसा भरायची वेळ आली की ते काठावर फेकून देतात. तुझ्या उंचवट्याला पूर्वी कधी मचवे लागायचे का?"

"माझा सासरा सांगायचा, लागायचे म्हनून. मंग पानी हटला."

"झालं तर."

खात्री करायला शेवटची एक परीक्षा राहिली होती. मी काहीतरी आंबट मागितलं. तिनं कोकमाचं आगळ दिलं. दोन थेंब कपचीवर टाकले, तशी फेसाची बारीक बुडबुड उठली आणि किंचित आवाज झाला. आगळ काळ्या फत्तरावर टाका, नुसतं ओघळून जाईल. चुना असला तरच फसफसतं. हे शाळेतल्या पोरालाही कळावं इतकं साधं आहे.

"म्हंजे आंबटानं हा जिरतो?" तिनं विचारलं.

"ओतत राहिलीस तर सगळा जिरेल. चिमूटभर माती राहील मागे."

मग मी पंचांसमोर जाऊन सगळं सांगायचं ठरवलं. आज वाटतं, गाढवापुढे गीता वाचण्याआधी निदान गाढवाचं तोंड तरी पाहावं. पण तेव्हा माझा ज्ञानावर विश्वास होता.

कुंपणाशी सगळे जमले होते. पेन्शनर पाटावर बसले होते, बाकीचे जमिनीवर. मी मचव्याची हकीकत सांगितली, नीरमाची सांगितली, शिंपले दाखवले. पेन्शनरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग मंद हसून विचारलं, "सगळं कबूल. पण हाच दगड इथेच टाकण्याची बुद्धी त्या मचवेवाल्याला कोणी दिली?"

लोक माना डोलावू लागले. या प्रश्नाला उत्तर नाही, कारण हा प्रश्नच नाही. उद्या मी चिखलात घसरून पडलो तर पडण्याची बुद्धी मला कोणी दिली, असंही ते विचारतील. मी चिडलो. खिशातून लिंबू काढलं, कापलं आणि म्हणालो, "पाहा मग तुमचा देव. हा चुना आहे. चुना आंबटानं फसफसतो." आणि दगडाच्या माथ्यावर लिंबू पिळलं.

दगड फसफसला. माथ्यावर पांढरा फेस आला आणि बारीक सळसळ ऐकू आली. मग मुकादम किंचाळला, "उकळला! देव उकळला! जागा झाला!" बायका आडव्या पडल्या. एका म्हाताऱ्यानं माझ्या पायाला हात लावला. पेन्शनर पाटावरून उठले आणि खांद्यावर हात ठेवून मला म्हणाले, "ओव्हरसियरसाहेब, देवानं तुमच्याच हातून साक्ष दिली. नास्तिकाच्या हातून देतो तो."

मी जे चुन्याचं लक्षण म्हणून दाखवलं ते देवाचं लक्षण ठरलं, आणि तेही माझ्या नावावर. काळ्या पिंडीवर लिंबू पिळलं तर काही होत नाही, तेव्हा हा खरा देव आणि बाकीचे नुसते दगड, असंही त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. याला एका लिंबात आलं. मी मोरी पुरी केली, सामान बांधलं आणि वाडीला मनातल्या मनात शिव्या घालत निघून गेलो. त्या दिवशी गर्दीच्या मागे काकी उभी होती. ती रडत नव्हती. ती दगडावरचा फेस बघत होती.

पुढची दोन-तीन वर्षं कामानिमित्त माझी त्या वाटेनं ये-जा होत राहिली. प्रत्येक खेपेला नवा तमाशा. दगडावर चार खांबांची पत्र्याची छपरी उभी राहिली. सोमवारी लिंबांची रास पडू लागली. आधी तुडीलहून माणसं आली, मग पोलादपूरकडून. शिवथरच्या बाजूनंही एक भजनी मंडळ आलं. ज्याचा बैल हरवला त्यानं लिंबू पिळलं, ज्याला खोकला झाला त्यानं लिंबू पिळलं. फेस जास्त आला तर काम होणार, कमी आला तर नवस वाढवायचा. दगडाला माणसाच्या खोकल्याशी काय देणंघेणं, हे विचारणारा कोणी नव्हता. मी विचारलं असतं, पण मी तर आता साक्षीदार होतो. लोक मला पाहून हात जोडत, आणि ते मला शिवीसारखं लागे.

काकीची मात्र दुर्दशा होती. राबाला जागा नाही म्हणून ती दुसऱ्यांच्या शेतावर लावणीला राबायची आणि त्या बदल्यात उरलीसुरली रोपं मागून आणायची. ती कधी पिवळी, कधी वेळ टळून गेलेली. अर्धं खाचर तणानं भरायचं. आणि इतकं होऊन ती रोज सकाळी कुंपणाच्या आत जाऊन देवाला ताक घालायची. दुधाचा अभिषेक तिला परवडत नव्हता, म्हणून ताक. तेही ताजं नव्हे, दोन दिवस ठेवून आंबवलेलं, शेजारच्या घरचं दळण करून मिळवलेलं. लोट्यातून बारीक धारेनं ती ओतायची, दगड सच्छिद्र, तो पिऊन घ्यायचा, आणि ती तिथेच बसून पुटपुटायची.

मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला तिचाही राग आला. हिला मी भिंगातून शिंपले दाखवले होते! मग दुसऱ्या खेपेला दगडाकडे नीट पाहिलं आणि माझं मलाच हसू आलं. भोपळ्याएवढा दगड नारळाएवढा झाला होता. लिंबूवाले आठवड्याला येत आणि टाळ वाजवून जात. ताक रोज पडत होतं, पोटातपर्यंत मुरत होतं. नरम थर आत गेले होते, कठीण थर कडेसारखे बाहेर राहिले होते, ही गाळाच्या दगडाची रीतच आहे. भक्तांनी त्या कडांना जटा म्हणायला सुरुवात केली होती. "देव रूप प्रकट करतोय," पेन्शनर मला म्हणाले. देव हळूहळू ताकातून खाडीला निघाला होता, आणि हे गृहस्थ जटा मोजत होते.

त्याहून गंमत पुढे. महाडात कुणाकडे तरी त्यांचं निरूपण होतं, मी कोपऱ्यात बसलो होतो. भक्ती कशी असावी यावर ते बोलत होते, आणि दाखला दिला तो काकीचा. "जिची जमीन देवानं घेतली, ती बाई राग न धरता रोज त्याला ताक अर्पण करते. ही खरी निरपेक्ष भक्ती!" श्रोत्यांनी डोळे पुसले. मला ठसका लागला आणि उठून बाहेर जावं लागलं. त्या दिवसापासून काकीबद्दल माझ्या मनात आदर उत्पन्न झाला. एवढ्या मूर्खांच्या बाजारात एका बाईनं माझं बोलणं ऐकलं होतं, लक्षात ठेवलं होतं आणि काम साधत होती. मला माझ्या जातीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

तिसऱ्या पावसाळ्यानंतर दगड मुठीएवढा राहिला. मग एका थरावर दुभंगला. मग एक दिवस ताक वाहून नेणाऱ्या पन्हळीच्या गाळात मिसळून गेला. पुढे काय करायचं ते ठरवायला वाडी बसली, मला बोलावणं नव्हतं, पण मी मुद्दाम गेलो. असा प्रसंग सोडायला मी काही संन्यासी नव्हतो.

पेन्शनर आले होते. मुकादम नव्हता. गिरण्यांत संप होता आणि त्याची भक्ती पगारावर चालत असे. पेन्शनर म्हणाले, स्थान रिकामं ठेवणं बरं नव्हे, पोलादपूरच्या पाथरवटाकडून काळ्या दगडाची चांगली पिंडी घडवून आणू आणि प्रतिष्ठा करू. काळा दगड! मी दचकलो. त्यावर ताकाची विहीर ओतली तरी टवका निघणार नाही. काकीकडे पाहिलं. ती बायकांच्या घोळक्यातून पुढे आली आणि डोक्यावरचा पदर सारखा करून पेन्शनरांसमोर उभी राहिली.

"भटजीबुवा," ती म्हणाली. ते भटजी नव्हते, पण तिला त्याचं सोयरसुतक नव्हतं. "तो आपल्या मनानं आला ना?"

"अर्थात. स्वयंभू होता."

"मंग आपल्या मनानं गेला. आता तुमी दुसरा वढून आनून बसवनार, तो कुठला सयंभू? आनि जो गेला त्याला इचारलात का, तुझ्या जागी दुसरा बसवू का म्हनून?"

पाथरवटाला द्यायची वर्गणी वाचते आहे, हे ध्यानात आल्यावर वाडीतली माणसं एकदम शास्त्र बोलू लागली. "बरूबर हाय काकीचा," एक म्हणाला. "गेल्या देवाच्या जागी दुसरा नाय बसवत," दुसरा म्हणाला. उचलली जीभ लावली टाळ्याला. तीन वर्षं ज्याच्यासमोर लोळण घेतली, त्याच्यासाठी एकानंही उसासा टाकला नाही. छपरीचे पत्रे कोण नेणार, यावर मात्र भांडण झालं. कुंपणाचे काटे काकीनं स्वतःच उपटले.

पुढच्या उन्हाळ्यात, शिमगा होऊन गेल्यावर, मी पुन्हा त्या वाटेनं चाललो होतो. उंचवट्यावर धूर दिसला. काकीनं राब भाजला होता. काळी राख पसरलेली, कडेला अजून निखारे धुमसत होते, आणि ती हातात काठी घेऊन उडणारी पानं आत ढकलत होती. चेहरा काळवंडलेला, पण पाठ ताठ. इतक्या दिवसांनी मला कुणाशी तरी बरोबरीनं बोलावंसं वाटत होतं. मी बांधावरून सरळ राखेत उतरलो आणि तिच्या जवळ जाऊन उभा राहिलो.

"काकी, झकास केलंस," मी म्हणालो. "त्या सगळ्या गाढवांच्या नाकावर टिच्चून देव जिरवलास. ताक पाजून पाजून!" आणि मी मोठ्यानं हसलो.

ती हसली नाही.

"कोन म्हनतो मी जिरवला?"

"म्हणजे? मीच नव्हतं का सांगितलं तुला, आंबटानं जिरतो म्हणून?"

"सांगितलात. ऐकला मी. दगड हाय, चुन्याचा हाय, मचव्यातनं आला, समदा ऐकला. शिंपल्या पन बगितल्या." तिनं काठी खाली टेकली. "पन रोज सकाळी मी त्याला काय सांगायची, ठावं हाय? सांगायची, बाबा रे, एवढी माझी जागा सोड. पंचांना सांगून झाला. त्या भटजीबुवाच्या पायावर डोकं ठेवून झाला. तुमाला सांगून झाला. तुमी लिंबू पिळलात नि गेलात. कोनी वीतभर सोडली नाय. त्यानं सोडली. झिजला, पन माझ्यासाठी झिजला तो. तुमच्यातला कोन झिजला, सांगा."

मी काहीतरी बोलायला लागलो. थर, चुना, आम्ल, असलंच काहीतरी असणार. तिनं ऐकून घेतलं नाही. ती माझ्या पायांकडे बघत होती.

"आदी पाय काढा थितनं," ती म्हणाली.

मी खाली पाहिलं. सगळीकडे राख होती, आणि मधोमध, दगड होता तिथे, परातीएवढी गोल जागा तिनं भाजायची सोडून शेणानं सारवून ठेवली होती. माझे दोन्ही बूट त्या सारवणावर होते. मी पाय काढले.